डोंगल कोणाच्या ड्रॉवरमध्ये आहे?

प्रश्न: मी एका महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात कार्यालय अधीक्षक आहे. वय ४८. कर, जन्म-मृत्यू, परवाना, आवक-जावक, आरोग्य मिळून हाताखाली तीसेक माणसं, त्यातली निम्मी पन्नाशीच्या पुढची. कराची आणि दाखल्यांची सिस्टीम होतीच, गेल्या वर्षी ई-ऑफिसही आलं, म्हणजे कागदाची फाईल आता कॉम्प्युटरवरच फिरवायची. मुख्यालयात दोन दिवस प्रशिक्षण झालं, चहा-बिस्किटं झाली, ग्रुप फोटो झाला. परत आल्यावर सगळे पुन्हा आमच्या कंत्राटी ऑपरेटरच्या टेबलाशी रांग लावून उभे. "बाळा, तेवढं माझं टाकून दे." सगळ्यांचे पासवर्ड त्या पोराच्या वहीत लिहिलेले आहेत. आमचे एक वरिष्ठ लिपिक आहेत, त्यांना सगळे काका म्हणतात. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. ते तोंडावर सांगतात, "मॅडम, माझं सेवापुस्तक मिटायला आलं, आता मला काय शिकवता?" आता वरून पत्र आलंय: तीन महिन्यांत सर्व कर्मचाऱ्यांना डिजिटलदृष्ट्या सक्षम करा आणि ऑनलाइन कोर्सची प्रमाणपत्रं जोडून अहवाल पाठवा. नोटिसा काढू की गोडीगुलाबीने घेऊ? खरं सांगायचं तर माझा स्वतःचा डिजिटल सहीचा डोंगलसुद्धा (सही करताना कॉम्प्युटरला लावायची ती पेनड्राइव्हसारखी किल्ली) त्या मुलाच्याच ड्रॉवरमध्ये असतो. दिवसभर मीटिंगा, सारखा कुठे लावत बसणार!

उत्तर:

मॅडम, नमस्कार.

नोटिशीचं नंतर बघू. तुमच्या पत्राची शेवटची दोन वाक्यं आधी घेतो. तो डोंगल आजच्या आज त्या ड्रॉवरमधून काढा आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवा. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० नुसार इलेक्ट्रॉनिक सहीला हातच्या सहीइतकीच किंमत आहे, आणि त्याच कायद्याचं ४२ वं कलम सांगतं की सहीची गुप्त किल्ली आपल्या ताब्यात राहील याची काळजी ज्याची सही त्याने घ्यायची. कोऱ्या कागदांवर सह्या करून तो गठ्ठा तुम्ही त्या मुलाकडे ठेवला असता का? मग हे वेगळं काय आहे? एखादा चुकीचा दाखला तुमच्या सहीने बाहेर पडला, तर चौकशी समितीपुढे "डोंगल ऑपरेटरकडे असायचा" हे सांगून तुम्ही सुटणार नाही, आणखी अडकाल.

त्या मुलाचीही मान त्यात अडकलेली आहे. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा सही अप्रामाणिकपणे वापरली तर त्याच कायद्याच्या ६६ सी कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. त्याच्या मनात खोट नाही हे तुम्हाला माहीत आहे आणि मलाही पटतं. पण ते सिद्ध करायला जो वकील लागेल त्याची फी ठेकेदार त्याच्या हातावर ठेवतो त्या पगारात बसणार नाही. तेव्हा ती पासवर्डांची वही याच आठवड्यात बंद. प्रत्येकाने आपला पासवर्ड स्वतः बदलायचा, तुमच्यासमोर बसून. ज्याला बदलता येत नाही त्याला दाखवा, पण टाइप त्यानेच करायचं. तीस माणसांचं हे काम एका दुपारी उरकतं, आणि तुमच्या प्रशिक्षणाचा पहिला धडा तिथेच होऊन जातो.

आता त्या रांगेकडे येऊ. वरून आलेल्या पत्राला वाटतं की ही अज्ञानाची रांग आहे. मला तसं वाटत नाही. तुमच्या कार्यालयातल्या किती जणांना जानेवारी २०२४ मध्ये राज्य मागासवर्ग आयोगाच्या सर्वेक्षणाला जुंपलं होतं ते जरा आठवा. २३ तारखेला काम सुरू झालं. हातात स्वतःचा मोबाईल, त्यात नवं कोरं ॲप, शंभरावर प्रश्न, पहिल्या दिवशी ॲप चालेना, लोक दारातून हाकलायचे. तरी राज्यभरातल्या पालिका कर्मचाऱ्यांनी, शिक्षकांनी घरोघरी फिरून ते काम निभावलं. त्याच्याही आधी कोविडमध्ये, जून २०२० पासून मुंबईत विभागवार वॉर रूममधून खाटा द्यायला सुरुवात झाली, तेव्हा खाटांचे तक्ते, फोन आणि व्हॉट्सॲप ग्रुप सांभाळायला परग्रहावरून माणसं आणली नव्हती. डॉक्टर, शिक्षक आणि पालिकेचेच लोक होते. त्यातल्या अनेकांनी त्याआधी असा तक्ता उघडलाही नसेल. शेजारी बसून शिकले, रात्रीत शिकले.

म्हणजे आपली माणसं शिकतात. मग त्या मुलाच्या टेबलाशी का उभी राहतात?

कागदाची फाईल कशी चालते बघा. कनिष्ठ लिपिक टिपणी लिहितो आणि खाली "सादर" म्हणून पुढे ढकलतो. वरिष्ठ लिपिक त्याखाली "सादर". तुम्ही "सादर". पाच "सादर" झाले की निर्णय नेमका कोणी घेतला ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही, आणि त्यात प्रत्येकाला एक ऊब असते. ई-ऑफिसमध्ये ती ऊब जाते. हिरवी टिपणी, म्हणजे तिथली पक्की टिपणी, लिहून फाईल पुढे पाठवली की त्यातला काना-मात्रासुद्धा बदलता येत नाही. कोणी, कधी, किती वाजता लिहिलं ते कायमचं राहतं. फाईल कोणाकडे किती दिवस पडून होती हे साहेबांना खुर्चीत बसल्या बसल्या दिसतं. वर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ आहेच. ठरलेल्या मुदतीत सेवा दिली नाही आणि त्याला सबळ कारण नसलं, तर पदनिर्देशित अधिकाऱ्याला, म्हणजे ती सेवा द्यायला नेमलेल्या अधिकाऱ्याला, ५०० ते ५,००० रुपये दंड. रक्कम मोठी नाही, पण नोकरीत डाग कोणाला हवाय? आता पोराने आपल्या लॉगिनमधून टाकलं तर "मी नाही टाकलं, त्याने टाकलं" एवढी तरी फट राहते, असं माणसाला आतून वाटतं. कायद्याने ती फट नाही, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. पासवर्ड बदलण्याच्या दुपारी हे सगळ्यांना स्वच्छ शब्दांत सांगा. धमकी म्हणून नव्हे, माहिती म्हणून. "तुमच्या लॉगिनमधून जे जातं ते तुम्हीच पाठवलं असं धरतात. मग निदान बघून तरी पाठवा." मुख्यालयातल्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणात माऊसची बटणं कोणती ते सांगितलं असेल, हे सांगितलं नसणार.

भीती खोटी नाही हेही मान्य करा. जन्म-मृत्यूच्या टेबलावरची तुमची जी कोणी ताई असेल तिच्या जागी बसून बघा. नागरी नोंदणीच्या पोर्टलवर बाळाच्या आईच्या नावात एक अक्षर चुकलं आणि नोंद झाली, की पुढे जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या १५ व्या कलमाखाली दुरुस्तीचा अर्ज, पुरावे, हेलपाटे. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुधारित कायदा लागू झाला. त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणजे हाच दाखला. त्या ताईच्या हातून सुटलेली वेलांटी त्या मुलाच्या मागे अठरा वर्षं फिरेल. अशा माणसाला "घाबरू नका हो, सोपं आहे" म्हणणं हा त्याच्या कामाचा अपमान आहे. त्यापेक्षा एक साधी सोय करा. स्क्रीन नातेवाइकांकडे वळवता येईल असा ठेवा, किंवा जुना पडलेला मॉनिटर त्यांच्या बाजूला जोडून द्या. सबमिटच्या आधी बाळाच्या बापाने किंवा आजीने नाव मोठ्याने वाचायचं, "बरोबर आहे" म्हणायचं, मगच बटण दाबायचं. चूक सापडायची ती तिथेच सापडेल आणि ताईच्या डोक्यावरचा अर्धा भार हलका होईल. कराच्या आणि परवान्याच्या सिस्टीमसाठी संगणक विभागाकडे सरावाची वेगळी प्रत मागा, जिथे काहीही चुकलं तरी खऱ्या खात्याला धक्का लागत नाही. सिस्टीम बसवणाऱ्या कंपनीकडे अशी प्रत बहुधा असते, मागत कोणी नाही. लेखी मागा.

शिकवण्याची जागा म्हणजे ज्याचं त्याचं टेबल. हॉलमधली प्रशिक्षणं मी दोन्ही बाजूंनी पाहिली आहेत, समोर बसून आणि पडद्याशेजारी उभं राहून. पडद्यावर "सॅम्पल अर्जदार"चा अर्ज झरझर पुढे जातो, सगळ्यांना कळल्यासारखं वाटतं. सोमवारी टेबलावर येतो तो अर्ज मात्र तसा नसतो. मालक वारलेला, वारस चार, त्यातला एक परदेशात, जुनी थकबाकी, आणि खरेदीखतावरचा घर क्रमांक वेगळा. म्हणून करविभागात मालमत्तेला नाव लावण्याचा आज आलेला खरा अर्ज घ्या आणि त्यावरच शिकवा. एका वेळी एकच सेवा. ती दोन आठवडे हातात बसू द्या, मग दुसरी.

आणि शिकवताना एक नियम कडक पाळा. माऊस शिकणाऱ्याच्या हातात, शिकवणाऱ्याचे दोन्ही हात पाठीमागे. हे ऐकायला सोपं वाटतं, करायला महाकठीण. काका कर्सर शोधत असतात, मागे तुमचा ऑपरेटर उभा असतो, दहाव्या सेकंदाला त्याचा हात पुढे येतो आणि "थांबा काका, मी करतो" म्हणून तो चार क्लिकमध्ये काम संपवतो. काकांनी त्यातून काय शिकलं असेल, तर इथे पोराला हाक मारायची, एवढंच. बोटाने स्क्रीन दाखवायलासुद्धा बंदी करा. तोंडाने सांगायचं, "वर उजवीकडे, निळ्या रंगात, 'पुढे पाठवा' लिहिलंय बघा." पहिला अर्ज पाऊण तास खाईल. खाऊ दे. पायऱ्या काकांनी स्वतःच्या डायरीत, स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या शब्दांत लिहायच्या. मुख्यालयाने पाठवलेली जाडजूड पीडीएफ पुस्तिका कोणी उघडत नाही, डायरीचं ते पान मात्र महिनाभर उघडं राहतं.

आता कळफलकाचं बोलतो, कारण माझ्या मते निम्मं घोडं तिथे अडलंय आणि वरच्या कोणाच्या ते गावीही नाही. तुमच्याकडची पन्नाशीपुढची बरीच मंडळी टायपिंगच्या परीक्षा देऊन नोकरीला लागलेली असणार. मराठी मिनिटाला तीस शब्द, काहींची चाळीस. त्यांची बोटं टाइपरायटरच्या, म्हणजे रेमिंग्टनच्या मांडणीत तयार झालेली आहेत. तिथे "कि" लिहायचा तर आधी पहिली वेलांटी मारायची, मग क. कॉम्प्युटरवर मराठी चालू केलं की बहुतेक वेळा समोर येते इनस्क्रिप्ट नावाची वेगळी मांडणी, आणि तिथे आधी क, मग वेलांटी. ज्या माणसाची बोटं तीस वर्षं न बघता चालली त्याला आता एकेक अक्षर शोधावं लागतं, आणि शेजारची पंचविशीतली मुलगी इंग्रजी अक्षरांत "kaka" बडवून मराठी उमटवते. माणूस खचतो हो. मग तो म्हणतो, मला कॉम्प्युटर येत नाही. खरं तर त्याला मराठी टायपिंग तुमच्या अख्ख्या कार्यालयात सगळ्यांत चांगलं येतं. युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही मशीनवर तशीच दिसणाऱ्या अक्षरांत लिहिणारा, पण रेमिंग्टन मांडणीचा कळफलक मिळतो. संगणक विभागाला सांगून ज्यांना हवा त्यांच्या मशीनवर तो बसवून घ्या. काम अर्ध्या तासाचं आहे.

युनिकोडवर मात्र तडजोड नको. जुन्या फॉन्टमध्ये लिहायची सवय काही जणांना अजून असेल. कागदावर प्रिंट छान येते, पण ती अक्षरं दुसऱ्या मशीनवर उघडली की चिन्हांची खिचडी दिसते, आणि शोधखिडकीत नाव टाकलं तर सापडत नाही. नागरिक खिडकीशी उभा आणि "तुमचं नाव सिस्टीमला दिसत नाही" हे उत्तर, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं. तीच गत स्कॅनिंगची. "स्कॅन०००१", "नवीन २", "फायनल फायनल" असल्या नावांच्या पीडीएफ, पानं आडवी, शंभर पानांचा एकच गठ्ठा. वर्षाने शोधायला जाल तेव्हा कागदाची फाईल बरी होती म्हणाल. अर्ज क्रमांक, कागदाचं नाव, तारीख, एवढं फाईलच्या नावात आलं पाहिजे. हा नियम एका कागदावर छापून स्कॅनरवर चिकटवा.

तुमच्या हातात असलेलं सगळ्यांत मोठं हत्यार प्रशिक्षण नाहीच, एक रजिस्टर बंद करणं हे आहे. तुमच्याकडे आजही आवक बारनिशी, म्हणजे आलेल्या टपालाची नोंदवही, हाताने लिहिली जाते आणि मग तीच नोंद सिस्टीमवर जाते ना? म्हणजे डिजिटल काम हे ठरलेल्या कामावरचं जादा काम झालं, आणि जादा काम माणूस दुसऱ्याकडे ढकलणारच. तुम्हीही ढकललं असतं. प्रस्ताव तयार करा: अमुक तारखेपासून अमुक नोंदवही बंद, सिस्टीममधली नोंद हीच मूळ नोंद, महिनाअखेरीला तिची छापील प्रत बांधून ठेवू. उपायुक्तांची मंजुरी घ्या, लेखा परीक्षणवाल्यांशी आधी बोलून घ्या, नाहीतर दोन वर्षांनी आक्षेप निघेल. आणि मंजुरी आली की त्या वहीच्या शेवटच्या पानावर रेघ मारून सही करा, कपाटात कुलूपबंद करा. कुलूप महत्त्वाचं. उघडी ठेवलीत तर आठवड्यात पुन्हा लिहायला सुरुवात होईल.

कल्याण-डोंबिवलीने २००० सालाच्या आसपास पालिकेचं संगणकीकरण हाती घेतलं आणि पुढे राज्यातल्या इतर शहरांनी तो नमुना उचलला. तिथला धडा मला तरी हाच दिसतो. नागरिकाचा अर्ज सुविधा केंद्राच्या खिडकीवर सिस्टीममधून आत आला की मागच्या टेबलाला स्क्रीन उघडण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

अडचण वरच्या मजल्यावरही आहे. ई-ऑफिसमध्ये फाईल पाठवली की साहेबांच्या केबिनमधून निरोप येतो, "एक प्रिंट काढून आणा, वाचायला बरं पडतं." मग प्रिंटवर पेनाने शेरा, तो शेरा पुन्हा ऑपरेटरने टाइप करायचा. साहेबांना शिकवायला तुम्ही जाऊ नका, नोकरी करायची आहे. पण विभागाच्या बैठकीत, सगळ्यांसमोर, हसत हसत विचारा, "सर, प्रिंट बंद करायच्या का आमच्याकडच्या? कागदाचा खर्च फार होतोय." खर्चाचं नाव काढलं की बरेचदा काम होतं.

तुमच्या ऑपरेटरबद्दल दोन गोष्टी. कर्मचाऱ्यांना एक धास्ती असते, ती ते बोलत नाहीत: आपण शिकलो की हा मुलगा काढून टाकतील आणि त्याचं कामही आपल्या माथी येईल. मुलालाही तीच धास्ती उलट बाजूने आहे, की सगळे शिकले तर मी कशाला? जोवर या दोन धास्त्या आहेत तोवर तो मन लावून शिकवणार नाही आणि हे मन लावून शिकणार नाहीत. म्हणून कामाची वाटणी लिहून काढा. स्कॅनिंग, जुन्या नोंदी चढवणं, मशीनच्या तक्रारी संगणक विभागाकडे लावणं हे त्याचं. टिपणी, तपासणी, मंजुरी, पुढे पाठवणं हे ज्याचं त्याचं, स्वतःच्या लॉगिनमधून. आणि दुपारी तीन ते साडेतीन तो टेबलाटेबलाशी फिरून शिकवेल, हेही त्याच्या कामाच्या यादीत घाला. ठेका बदलला की हा मुलगा जाणार आहे. तो जाईल त्या दिवशी तुमचं कार्यालय बंद पडू नये, एवढं तरी बघितलं पाहिजे.

तो एकटाच शिक्षक नको मात्र. जन्म-मृत्यूची ताई पोर्टलवर रोज काम करते, तिला त्यातल्या खाचाखोचा त्याच्याहून जास्त ठाऊक आहेत. बरोबरीच्या माणसाला विचारायला लाज कमी वाटते. तिला हे काम द्यायचं तर तिच्या खिडकीवर तेवढा वेळ दुसरं कोणी बसवा, "ताई जरा त्यांनाही दाखव" असं जाता जाता सांगून तिचा जीव घेऊ नका. वेळ हा सगळीकडचाच प्रश्न आहे. मार्चमध्ये करविभागाला शिकवायला गेलात तर शिव्या खाल. जून-जुलै बरा, बिलांची पहिली धांदल ओसरल्यावर बघा.

पत्रात तुम्ही मुकादम आणि सफाई कामगारांचा उल्लेख "आरोग्य" या एका शब्दात उरकलात. सगळेच तसं करतात. त्यांना ई-ऑफिस नको. मुकादमाला हजेरीचं ॲप आणि तक्रारीचा फोटो ठिकाणासह चढवणं जमलं पाहिजे. कामगारांना त्यांच्या स्वतःच्या उपयोगाचं शिकवा: पगाराची स्लिप बघणं, कपात बरोबर झाली का ते तपासणं, व्हॉट्सॲपवर वाहतूक दंडाच्या चलनाच्या नावाने आलेली एपीके फाईल, म्हणजे फोनमध्ये घुसणारं फसवं ॲप, न उघडणं, पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करणं. हजेरी शेडमध्ये सकाळच्या पाळीनंतर वीस मिनिटं पुरतात. व्हॉट्सॲपचा विषय निघालाच आहे तर कार्यालयाच्या ग्रुपवर नागरिकांची आधार कार्डं फिरतात ती थांबवा. वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संसदेने केलाय, आणि कायदा नसता तरी कोणाचं आधार तीस जणांच्या फोनमध्ये असण्याचं कारण नव्हतं.

आता नोटीस. शिकत नाही म्हणून नोटीस काढू नका. या मार्गाने काय होतं ते आपल्या राज्याने पाहिलंय. एमएस-सीआयटी ही संगणकाच्या प्राथमिक कोर्सची परीक्षा २००१ साली आली, शासनाने संगणक अर्हता वेतनवाढीशी जोडली, मुदतीत पास न झालेल्यांच्या वेतनवाढी अडल्या, वसुल्या निघाल्या. कोर्स वाईट नव्हता, पुष्कळांना त्याने पहिल्यांदा माऊस धरायला शिकवलं. पण टांगती तलवार आली की माणूस प्रमाणपत्र मिळवतो. ते सेवापुस्तकात चिकटतं आणि तिथेच राहतं. आता सरकारी कर्मचाऱ्यांसाठीच्या केंद्राच्या कर्मयोगी पोर्टलवरच्या ऑनलाइन कोर्सचं तसंच होऊ शकतं. सप्टेंबर २०२० मध्ये मिशन कर्मयोगीला मंजुरी मिळाली. घरबसल्या शिकण्याची सोय म्हणून ते मला चांगलंच वाटतं. पण मोबाईलवर व्हिडिओ चालू ठेवून शेजारी भाजी निवडली तरी प्रमाणपत्र हाती येतं, हे तुम्हाला माहीत आहे आणि तुमच्या माणसांनाही. अहवालासाठी प्रमाणपत्रं लागतातच, तर करून घ्या. ज्याच्या टेबलाशी ज्या कोर्सचा संबंध आहे तोच निवडायला सांगा आणि तो विषय तिथे संपवा.

नोटीस एकाच गोष्टीसाठी राखून ठेवा: पासवर्ड किंवा डोंगल दुसऱ्याला देणं. पहिल्या वेळी तोंडी, दुसऱ्या वेळी लेखी. यात काका असोत की तुम्ही, सूट नाही. नियम तुमच्यापासून सुरू झालेला लोकांना दिसला पाहिजे, म्हणून पहिला महिना मीटिंगा सांभाळून दिवसातून दोन वेळा ठरवून सह्या करा, सकाळी अकराला आणि दुपारी चारला. तातडीचा दाखला असेल तर लोक तेवढं थांबतात. ते वर्षानुवर्षं थांबतच आलेत.

काकांकडे दोन वर्षं आहेत आणि त्यांच्या डोक्यात तुमच्या प्रभागाची तीस वर्षं आहेत. सिस्टीममध्ये एकाच चाळीतले तीन "पांडुरंग गणपत" वेगवेगळ्या खात्यांवर दिसतात, त्यातला कुठला कोण, कुठलं घर पडून नवी इमारत झाली, कुठलं खातं दोनदा चढलंय, हे त्या पंचवीस वर्षांच्या मुलाला मरेपर्यंत कळणार नाही. काकांना सांगा, "शिकायला बसू नका, तपासायला बसा." दुबार खात्यांची यादी त्यांच्यासमोर स्क्रीनवर ठेवा. खात्रीची दुरुस्ती त्यांनी स्वतःच्या लॉगिनमधून सुचवायची, तुम्ही मंजूर करायची. शोधायचं कसं, गाळायचं कसं, टिपणी कशी लिहायची हे त्या ओघात येईल, रेमिंग्टनचा कळफलक दिलात तर लवकर येईल. नाहीच आलं सगळं, तरी यादी स्वच्छ होऊन हाती राहील. शिवाय निवृत्तीनंतर हयातीचा दाखला मोबाईलवरून देता येतो, जीवन प्रमाण म्हणतात त्याला, तेही एकदा सहज कानावर घाला. बँकेच्या रांगेचा विषय काढला की भले भले फोन पुढे करतात.

अहवालाच्या नमुन्यात "प्रमाणपत्रांची संख्या" असा रकाना असेल, तो भरा. त्याच्या शेजारी स्वतःहून आणखी दोन रकाने काढा: या महिन्यात किती कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या लॉगिनमधून, दुसऱ्याच्या मदतीशिवाय काम पुरं केलं, आणि किती अर्ज मुदतीच्या आत निघाले. पहिल्या महिन्यात आकडा लाजिरवाणा येईल, कदाचित चार-पाच माणसं. तो तसाच पाठवा, आणि ई-ऑफिसमधूनच पाठवा, तुमच्या पर्समधल्या डोंगलने सही करून.